'अरे'ला 'का रे' म्हणावं, पण कधी?



आजचा विषय आपण रोज ऐकतो. ओट्यावर ऐकतो, नळावर ऐकतो, शेतात कापूस वेचताना ऐकतो आणि बचत गटाच्या बैठकीत तर हमखास ऐकतो. एकीनं विचारलं, "या महिन्याचा माझा हप्ता वहीत का दिसत नाही?" दुसरीनं लगेच सुनावलं, "तू मागच्या बैठकीला आली नव्हतीस, ते का नाही सांगत?" सून म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना नावं ठेवू नका." सासूबाई म्हणाल्या, "आणि तू माझ्या लेकीला काय काय बोललीस, ते विसरलीस वाटतं?" नवऱ्याला विचारलं, पगाराचे पैसे कुठं गेले, तर तो विचारतो, "तू भिशी लावतेस ती मला सांगून लावतेस का?" आपल्या अहिराणीत हे सगळं एका वाक्यात उरकतं : "पह्यले तुन्हं देख!"

आरोपाला उत्तर म्हणून उलट आरोप. या सवयीवर आपल्या जुन्या माणसांनी म्हणींची रासच घालून ठेवली आहे. चोराच्या उलट्या बोंबा. चोर तो चोर, वर शिरजोर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. या म्हणी ऐकल्या की वाटतं, उलट आरोप करणारा माणूस नेहमी खोटाच असणार.

पण याच घरांमध्ये आपण आपल्या लेकींना असंही सांगतो, "मान खाली घालून ऐकून घेऊ नकोस. कुणी 'अरे' केलं तर 'का रे' म्हणायला शीक." हेही खरंच आहे. ज्या बाईनं आयुष्यभर फक्त ऐकून घेतलं, तिच्या वाट्याला काय आलं हे आपण आपल्या आज्यांच्या आयुष्यात पाहिलं आहे.

मग खरं काय? उलट विचारावं की विचारू नये? आम्हाला असं वाटतं की या प्रश्नाचं एक साधं आणि पक्कं उत्तर आहे. आज ते उत्तर आपण एकत्र शोधू. त्यासाठी एका जुन्या पुस्तकाकडे जाऊ, एका गाजलेल्या खटल्याकडे जाऊ आणि थोडं कायद्याकडेही पाहू.

वही पिशवीतच राहते

आधी उलट आरोपानं होतं काय, ते बघू. बचत गटाचं उदाहरण पुढे नेऊ. प्रश्न होता हप्त्याच्या नोंदीचा. उत्तर आलं गैरहजेरीचं. तिसरी म्हणाली, "मग ती तरी कुठं येते?" चौथीनं दंडाचा नियम काढला. पाचवीनं दोन वर्षांपूर्वीचं कर्ज काढलं. अर्ध्या तासानं बैठक मोडली तेव्हा चार जणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या आणि वही मात्र पिशवीतून बाहेरही आली नव्हती.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रश्न विचारणारी बाई खरंच मागच्या बैठकीला आली नसेल. म्हणजे उलट आरोप खोटा नाही, खरा आहे. म्हणून तर तो चालून जातो. खोटं बोललं तर कुणीतरी पकडतं. पण एक खरी गोष्ट दुसऱ्या खऱ्या गोष्टीवर झाकण म्हणून ठेवली, तर पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. ती बाई बैठकीला आली होती की नव्हती, यावरून तिचा हप्ता वहीत चढला की नाही हे कळत नाही. त्यासाठी वहीच उघडावी लागते.

अशा उलट आरोपानं तीन गोष्टी होतात. पहिली, विषय बदलतो. दुसरी, विचारणारीच आरोपी होते आणि आपली बाजू मांडत बसते. तिसरी गोष्ट सगळ्यात नुकसानीची. ऐकणारे कंटाळतात आणि "जाऊ द्या, दोघीही सारख्याच" म्हणून उठून जातात. "दोघीही सारख्याच" हा निकाल वरून अगदी समतोल वाटतो. पण त्याचा फायदा नेहमी एकाच बाजूला मिळतो. जिला हिशेब द्यायचा होता, ती सुटते.

हे काही आपल्याच गावात घडतं असं नाही. जुन्या लॅटिन भाषेत या युक्तिवादाला 'तू क्वोक्वे' म्हणजे 'तूसुद्धा' असं नावच आहे. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात शीतयुद्ध चाललं होतं त्या काळात, रशियात माणसांना कसं डांबून ठेवलं जातं असं कुणी विचारलं, की तिकडून उत्तर यायचं, "तुमच्याकडे काळ्या लोकांना झुंडीनं ठार मारतात, त्याचं काय?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या उत्तरानं ना रशियातला कैदी सुटला, ना अमेरिकेतल्या काळ्या माणसाला न्याय मिळाला. दोघांचंही दुःख भांडणात हत्यार म्हणून वापरलं गेलं, एवढंच.

अमेरिकेतल्या जेनिफर फ्रेड या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९७ साली अत्याचार करणाऱ्यांच्या वागण्याची एक रीत नोंदवली आणि तिला 'डार्व्हो' असं नाव दिलं. त्यात तीन पायऱ्या आहेत. आधी झालंच नाही म्हणायचं. मग तक्रार करणारीवर तुटून पडायचं. आणि शेवटी, खरा त्रास तर मलाच झाला, असा कांगावा करायचा. शब्द परदेशी आहे, पण रीत आपल्या ओळखीची आहे. "मी हात लावलाच नाही. तीच तोंडाळ आहे. हिच्यापायी माझ्या घराची अब्रू गेली." मार खाल्लेल्या कितीतरी बायकांनी ही तीन वाक्यं याच क्रमानं ऐकलेली असतील.

तापीच्या मुखाशी एक खटला, घाटावर एक पुस्तक

आता दुसरी बाजू पाहू. उलट आरोप हेच खरं उत्तर ठरलं, अशी एक गोष्ट आपल्या खानदेशाच्या दोन बाजूंना मिळून घडलेली आहे. आपली तापी जिथं समुद्राकडे जाते ते सुरत एका बाजूला. आणि मुक्ताईनगरच्या पुढे मलकापूर ओलांडून घाट चढला की लागणारं बुलढाणा दुसऱ्या बाजूला.

साल होतं १८८१. सुरतेजवळच्या ओलपाडची विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. विधवांना पुन्हा लग्न करता येईल असा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण जातीच्या रिवाजापुढे तो कागदावरच राहिला होता. विजयालक्ष्मीला दिवस गेले. बाळ जन्मलं आणि बदनामीच्या भीतीनं तिनं त्याचा जीव घेतला. खटला चालला. सुरतेच्या न्यायालयानं तिला फाशी सुनावली. अपिलात मुंबईच्या उच्च न्यायालयानं फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

या खटल्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलं गेलं. 'पुणे वैभव' या पत्रानं तर एका विजयालक्ष्मीवरून सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. बायका आता सैल झाल्या, त्यांची जातच अशी, असा सूर लागला.

बुलढाण्यात एका बाईनं हे वाचलं. ताराबाई शिंदे त्यांचं नाव. मराठा घराण्यातल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्यांनी लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. बाईमाणसानं उंबरठ्याबाहेर पडायचं नाही, असा तो काळ. ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्यात एक छोटं पुस्तक छापून आलं, 'स्त्रीपुरुष तुलना'.

या पुस्तकात ताराबाईंनी काय केलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. बायकांवर शतकानुशतकं जे दोष लादले गेले, ते त्यांनी एकेक करून पुढ्यात घेतले. बायका चंचल असतात, अविचारी असतात, कपटी असतात, लोभी असतात, असं पुरुष म्हणतात ना? मग प्रत्येक दोषाजवळ थांबून त्यांनी विचारलं, हा दोष तुमच्यात नाही का? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईनंच का कोपऱ्यात बसायचं? विधवेला भुलवणारा पुरुष कोण होता आणि आता तो कुठं आहे?

म्हणजे त्यांनीही उलट आरोपच केला. तोही चांगला खणखणीत. मग "तू बैठकीला आली नव्हतीस" म्हणणारी बाई आणि ताराबाई यांच्यात फरक काय?

पहिला फरक. 'पुणे वैभव'चा आरोप एका बाईवर नव्हता, सगळ्या बायकांवर होता. बायकांची जातच वाईट असं म्हणायचं असेल, तर कुणापेक्षा वाईट, हे सांगावं लागतं. म्हणजे तुलना आरोपातच लपलेली होती. ताराबाईंनी ती बाहेर काढून पुरी केली. त्यांनी विषय बदलला नाही, समोरच्यानं अर्धवट ठेवलेला विषय पुरा केला. पुस्तकाचं नावच तुलना आहे.

दुसरा फरक. विजयालक्ष्मीच्या बाळाला बापही होता. न्यायालयात उभी होती ती एकटी बाई. "त्याचं काय?" हा प्रश्न इथं पळवाट नव्हता. तो विचारल्याशिवाय झालेली गोष्ट कळतच नव्हती.

तिसरा फरक सगळ्यात मोठा. ताराबाईंनी असं म्हटलं नाही की बायका म्हणजे सगळ्या देवी, त्यांच्यात दोषच नाही. दोष असतील तर असतील, पण माप दोघांना एकच लावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाईला बंद दाराआड ठेवायचं, तिला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही, आणि मग तिनं भीतीपोटी काही केलं की तिच्या जातीला नावं ठेवायची, हे माप त्यांना मान्य नव्हतं.

आणि पहिला प्रश्न? अशी बाळं का मारली जातात, हा तो प्रश्न. तो त्यांच्या उत्तरानं झाकला गेला नाही, उलट जास्त उघडा झाला. याच प्रश्नाचं हातानं दिलेलं उत्तर पुण्यात फुले दांपत्यानं १८६३ सालीच दिलं होतं. त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ आणि आई दोघांचा जीव वाचावा, असं ते ठिकाण होतं.

ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली, थट्टाही झाली. बाईनं इतकं कडक लिहावं का, असा सूर आपल्याच चळवळीतल्या पुरुषांनीही लावला. म्हणजे पाहा, तिथंही उत्तर द्यायचं सोडून बाईच्या बोलण्याच्या ढंगावर बोट ठेवलं गेलं. १८८५ साली फुल्यांनी आपल्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्याला ताराबाई माहीत आहेत.

चारित्र्यावर बोट

ताराबाईंच्या उत्तराशेजारी आता एक अगदी उलटी गोष्ट ठेवून बघू. ही आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाची आहे.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीत, देसाईगंजचं पोलीस ठाणं. घरगुती तक्रारीपायी मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी घरच्यांबरोबर तिथं आली होती. ठाण्यातल्या पोलिसांनीच आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची तक्रार होती. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. तिथं प्रश्न पोलिसांच्या वागण्याचा असायला हवा होता, पण बोट ठेवलं गेलं मुलीच्या चारित्र्यावर. तिचे आधी कुणाशी संबंध होते, यावर भर दिला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी ठरवलं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, असं कारण देण्यात आलं.

यात उलट आरोपाचं काम कसं चाललं ते पाहा. प्रश्न होता, रात्रीच्या वेळी बंद ठाण्यात पोलिसांनी काय केलं? उत्तर आलं, मुलगी कशी आहे? मुलगी कशीही असो, त्या रात्री ठाण्यात काय घडलं हे त्यावरून ठरत नाही. ताराबाईंचा "त्याचं काय?" हा प्रश्न झालेल्या घटनेच्या आत जाणारा होता. इथला "तिचं काय?" हा प्रश्न घटनेपासून दूर नेणारा होता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रानं देश हलला. मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली इथं बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत झालेल्या अत्याचारात बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते धरून चालायचं, असं ठरलं. तरीही पीडित बाई बदफैली आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा साक्षीपुराव्याच्या कायद्यात शिल्लक होतीच. ती २००२ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. पुढे २०१३ साली हेही लिहिलं गेलं की संमतीचा प्रश्न ठरवताना बाईचं चारित्र्य किंवा आधीचे संबंध लक्षात घ्यायचे नाहीत.

म्हणजे एका खोट्या उलट आरोपाला कायद्यानं दार बंद करायला तीस-चाळीस वर्षं लागली. न्यायालयातलं दार बंद झालं, पण ओट्यावरचं अजून उघडं आहे. एखाद्या पोरीनं छेडछाडीची तक्रार केली की आपणच विचारतो, "ती तिथं गेली कशाला होती?" हा प्रश्न तोंडात आला तर तो तिथंच गिळून टाका. इथं कुणी काय केलं, एवढंच विचारायचं आहे.

दोन तक्रारी, दोन कागद

आता कायद्याचं थोडं व्यवहारात पाहू, कारण इथं बऱ्याच बायका घाबरतात. बाईनं मारहाणीची तक्रार दिली, की दुसऱ्या दिवशी समोरचे तिच्यावर, तिच्या भावावर, म्हाताऱ्या आईवर तक्रार देतात. गावात याला 'क्रॉस केस' म्हणतात. मग मध्यस्थ येतात, "तुम्ही तुमची मागे घ्या, ते त्यांची मागे घेतील." आणि पुष्कळदा बाई आपली खरी तक्रार मागे घेते. उलट तक्रार लिहिली गेली ती बहुतेक वेळा याच सौद्यासाठी.

पहिली गोष्ट, घाबरू नका. एकाच घटनेबद्दल दोन्ही बाजूंना आपापली तक्रार देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालच्या एका निकालात स्पष्ट केलेलं आहे. उलट तक्रार आली म्हणजे आपली तक्रार रद्द झाली, असं होत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. अशा दोन उलटसुलट खटल्यांचं काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली सांगितलं. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे एकामागून एक चालवायचे. पण प्रत्येकाचा निकाल त्याच्या त्याच्या पुराव्यावर द्यायचा. एका खटल्यातला पुरावा दुसऱ्यात ओढायचा नाही. या रीतीत दोन्ही बाजूंचं ऐकलं जातं आणि तरी एकीच्या तक्रारीनं दुसरीची तक्रार बुडत नाही. हीच रीत घरात आणि गटात लावली, तर अर्धी भांडणं मिटतील.

तिसरी गोष्ट कामाच्या जागेची. जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटई कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागेसाठी आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. "सिद्ध करता आलं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल," अशी भीती तिथं घातली जाते. कायदा तसं म्हणत नाही. मुद्दाम, वाईट हेतूनं खोटी तक्रार केली असं चौकशीत ठरलं, तरच कारवाई होते. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता थोडं कडू बोलतो. शेताच्या बांधावरून भांडण झालं की काही शहाणे लोक सल्ला देतात, "त्यांनी मारहाणीची दिली ना, मग आपण घरातल्या बाईला पुढे करून विनयभंगाची टाकू." मैत्रिणींनो, असं काही घडलंच नसेल तर त्या कागदावर सही करू नका. पोलिसांना खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि सही तुमची असते, सल्ला देणाऱ्याची नसते. शिवाय अशी प्रत्येक खोटी तक्रार उद्या खरी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईच्या वाटेत काटा होते.

आणि याच्या उलट एक गैरसमज. बाई दहा वर्षं सोसते. नवरा घटस्फोटाचा दावा टाकतो, तेव्हा ती पहिल्यांदा मारहाणीबद्दल बोलते. लोक म्हणतात, "बघा, त्यानं दावा टाकला म्हणून हिनं उलट टाकलं. खरं असतं तर आधी नसती का बोलली?" उशिरा बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. लेकरं लहान होती, माहेरी आधार नव्हता, घराचं छप्पर जाईल ही भीती होती. ती गप्प राहिली यामागं अशी कारणं असतात. म्हणून उलट आरोप खरा की पळवाट, हे तो कधी केला यावरून ठरवू नका. तो कशाबद्दल आहे आणि त्याला आधार काय, यावरून ठरवा.

मग आपण काय करायचं?

इतकं सगळं पाहिल्यावर उत्तर सोपं होतं. उलट आरोपानंतर पहिला प्रश्न उघडा राहतो की बंद होतो, एवढंच बघायचं. उघडा राहिला, जास्त स्पष्ट झाला, तर ते उत्तर आहे. बंद झाला, तर ती पळवाट आहे.

हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते सांगतो.

आपल्यावर आरोप झाला तर आधी त्याच गोष्टीचं उत्तर द्या. हो किंवा नाही, आणि कारण. मग म्हणा, "आता माझंही एक विचारणं आहे." हा क्रम मोडू नका. आधी उत्तर, मग प्रश्न. वही उघडून दाखवली आणि नंतर गैरहजेरीचं विचारलं, तर कुणाला राग येणार नाही.

आपण विचारलं आणि समोरून उलट आरोप आला, तर त्याच्यामागे धावू नका. "हे खोटं आहे, मी आले होते" असं म्हणत बसलात की विषय हातातून गेला. शांतपणे एवढंच म्हणा, "तेबी बोलूत, पन पह्यले हाई बोलूत." गटाच्या बैठकीत तर दोन्ही मुद्दे कागदावर वेगवेगळे लिहा. पहिला, हप्त्याची नोंद. दुसरा, गैरहजेरी. एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. आपल्या शेतमालाचं वजन करताना दोन शेतकऱ्यांच्या गोण्या आपण एकदम काट्यावर टाकत नाही, तसंच हे.

उलट विचारायचंच असेल तर ताराबाईंसारखं विचारा. झालेल्या गोष्टीबद्दलच विचारा, तिच्यातून कोण वगळलं गेलं ते विचारा, आणि जे माप समोरच्याला लावता ते स्वतःलाही लावून घ्या. "पोरगी नापास झाली, तू लक्ष दिलं नाहीस," असं नवरा म्हणाला, तर "तुम्ही तरी कुठं दारू सोडली?" हे उत्तर नाही, दारूचा विषय कितीही खरा असला तरी. "मी लक्ष द्यायला कमी पडले असेन. पण पोरगी दोघांची आहे. तुम्ही या वर्षी तिच्या शाळेत किती वेळा गेलात?" हे उत्तर आहे. दारूबद्दल जरूर बोला, त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि त्या दिवशी त्याला पोरीच्या नापास होण्यामागं लपू देऊ नका.

आपण ऐकणाऱ्यांत बसलो असू, तेव्हाही आपलं काम असतं. "दोघीही सारख्याच" म्हणून उठू नका. कुणीतरी एकीनं म्हणायचं, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही." गटात असं म्हणणारी एक जरी बाई असली, तरी बैठक ताळ्यावर येते.

आणि प्रश्न मारहाणीचा, छळाचा असेल, समोरून खोट्या तक्रारीची धमकी येत असेल, तर वाद घालत बसू नका. तारीखवार लिहून ठेवा. दवाखान्याचा कागद जपा. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली की ती वाचून मगच सही करा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. प्राथमिक खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्या. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१. वकील परवडत नाही म्हणून मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

तेव्हा लेकींना 'का रे' म्हणायला जरूर शिकवा. त्याबरोबर हेही शिकवा, की 'का रे' म्हणताना 'अरे' कशासाठी झालं होतं ते विसरायचं नाही. येत्या आठवड्यात घरात, गटात, ग्रामसभेत कान देऊन ऐका. कुणी प्रश्न विचारला, उत्तर काय आलं आणि प्रश्नाचं पुढे काय झालं, ते मनात टिपून ठेवा. तुमच्या गटात यावर बोलणं झालं तर आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.